भाऊ, भावकी आणि बंधुता
(रांजणगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजकीय कार्यकर्त्याच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारे आणि म्हणूनच सहसा तपासून न पाहिले जाणारे असे काही शब्द असतात. बंधू, बांधव, भाई, भाईचारा, बंधुता हे त्यांपैकी होत. सभेचा प्रारंभ ‘बंधुभगिनींनो’ या संबोधनाने होतो. दंगल उसळली की शांतता समितीच्या पत्रकात भाईचाऱ्याचे आवाहन असते. निवडणुका जवळ आल्या की प्रत्येक जातीच्या नावापुढे ‘बांधव’ हे पद लागते. भारतीय राज्यघटनेच्या सरनाम्यात तर बंधुता हे एक उद्दिष्ट म्हणूनच नोंदलेले आहे. शांततेच्या काळात या शब्दांना फारसा कोणी हिशेब विचारत नाही. युद्ध सुरू झाले म्हणजे मात्र तो विचारला जातो. आपला कोण आणि परका कोण, ही रेघ युद्ध ओढते आणि कालपर्यंत गोड वाटणारा शब्द एका रात्रीत उपहासाचा किंवा शिवीचा होतो. हे कसे घडते, मराठी भाषेत ते कोणत्या प्रसंगांनी घडले आणि त्यातून समाजवादी चळवळीने काय घ्यावे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

युक्रेनमधील एक उदाहरण

या प्रश्नाचे अलीकडचे ठळक उदाहरण युक्रेनचे आहे. युक्रेनी भाषेत भावाला ‘ब्रात’ म्हणतात. संस्कृतातील ‘भ्रातृ’, मराठीतील ‘भाऊ’ आणि हा ‘ब्रात’ ही एकाच मुळाची पाने होत. सोव्हिएत काळात रशियन आणि युक्रेनी ही ‘बंधुराष्ट्रे’ आहेत असे शाळेच्या पुस्तकापासून सरकारी समारंभापर्यंत सर्वत्र शिकविले गेले. आणि या कुटुंबात रशियन हा थोरला भाऊ होता. १९५४ साली पेरेयास्लाव कराराला तीनशे वर्षे झाली, तेव्हा या नात्याचा मोठा उत्सव करण्यात आला. १९८२ मध्ये कीव्ह शहरात नीपर नदीच्या काठावर राष्ट्रांच्या मैत्रीची एक भव्य कमान उभारली गेली आणि तिच्याखाली एक रशियन व एक युक्रेनी अशा दोन कामगारांचा ब्राँझचा पुतळा बसविण्यात आला.

थोरल्या भावाच्या या घरात धाकट्याच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब मात्र त्या उत्सवांत मांडला जात नव्हता. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनच्या सुपीक भूमीवर लाखो शेतकरी अन्नावाचून मेले. तो दुष्काळ पावसाने आणलेला नव्हता, तो धान्यवसुलीच्या धोरणाने आणलेला होता. जुलै २०२१ मध्ये रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी दोन्ही लोक मूलतः एकच आहेत, असे प्रतिपादन करणारा एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. पुढे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कीव्हमधील तो दोन कामगारांचा पुतळा उतरविण्यात आला आणि कमानीचे नाव बदलण्यात आले.

त्यानंतर ‘बंधुराष्ट्र’ हा शब्द युक्रेनमध्ये साध्या अर्थाने उच्चारणे अवघड झाले. तो आता कडवट उपरोधाने वापरला जातो. तथापि बंधुत्वाची भावना त्या भाषेतून नाहीशी झाली नाही. तिने जुन्या कोठारातील दुसरा शब्द बाहेर काढला. ‘पोब्रातीम’ म्हणजे शपथेने झालेला भाऊ. नीपरच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या कझाकांमध्ये दोन योद्धे शपथ घेऊन असे नाते जोडीत. आज खंदकात शेजारी उभा असणाऱ्या सैनिकाला हे नाव आहे, आणि स्त्रिया मोठ्या संख्येने सैन्यात गेल्यामुळे ‘पोसेस्त्रा’, म्हणजे शपथेची बहीण, हा शब्दही रूढ झाला आहे. फरक लक्षात घेण्यासारखा आहे. ‘ब्रात’ जन्माने लादला जातो आणि थोरला कोण हे तेथे आधीच ठरलेले असते. ‘पोब्रातीम’ निवडला जातो आणि तेथे थोरले-धाकटे नाही.

घोडनदीकाठची भाऊबंदकी

मराठीत हा अनुभव नवा नाही. त्याची साक्ष रांजणगावच्या परिसरातच आहे. येथील महागणपतीच्या मंदिरात थोरल्या माधवराव पेशव्यांनी तळघर बांधविले असे सांगितले जाते. ज्या माधवरावांची ही भक्ती, त्यांनाच या मंदिरापासून जवळ वाहणाऱ्या घोडनदीच्या काठी सख्ख्या चुलत्याशी लढावे लागले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये नानासाहेब वारले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव यांना हा कारभार मानवला नाही. ते निजामाच्या पाठबळावर चालून आले. नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदीवर लढाई झाली आणि आळेगाव येथे माधवरावांनी चुलत्यापुढे माघार घेतली. ज्या निजामाला या कामी मदतीस बोलावले, त्यानेच पुढल्या वर्षी पुणे जाळले. मग १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनावर चुलता-पुतण्या एकत्र लढले आणि निजामाचा पराभव झाला. तरीही कलह शमला नाही. १७६८ मध्ये धोडपला पुन्हा लढाई झाली, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि १७७५ मध्ये रघुनाथरावांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला. ‘भाऊबंदकी’ या शब्दाला महाराष्ट्राच्या मनात जो काळा रंग आहे, तो या पंधरा वर्षांनी चढविला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली नारायणरावांच्या वधावरच्या नाटकाला हेच नाव दिले, तेव्हा प्रेक्षकाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

पानिपताने आणखी एक शब्द दिला : ‘भाऊगर्दी’. यातील भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ. गर्दी म्हणजे उलथापालथ, धुमाळी, राज्य बुडविणारी अंदाधुंदी. ज्या शब्दात एका संहाराची आठवण होती, तो आता तिकिटाच्या खिडकीपाशी किंवा उमेदवारी मागणाऱ्यांच्या घोळक्यासाठी वापरला जातो. युद्धाने घडविलेले शब्द असे झिजतात आणि झिजल्यावर त्यांतील रक्त दिसेनासे होते.

परंतु भाऊबंदकी हा केवळ पेशव्यांच्या घरातील दुर्गुण समजणे चूक ठरेल. त्याच्या मुळाशी एक अर्थव्यवस्था आहे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेची होती. वतन म्हणजे जमीन, हक्क, मानपान आणि गावात उभे राहण्याची जागा. त्याच्या तक्षिमा भावाभावांत पडत. जो भाऊ, तो वाटेकरी. आणि जो वाटेकरी, त्याच्याशीच तंटा. वारसाला संस्कृतात ‘दायाद’ म्हणतात आणि हाच शब्द प्रतिस्पर्ध्यालाही लागतो. ‘भ्रातृव्य’ या शब्दाचे तर पाणिनीने दोन अर्थ वेगळे नोंदविले आहेत : एक पुतण्या, दुसरा शत्रू. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या व्याकरणकारालाही एकाच शब्दातील हे दोन अर्थ सांभाळण्यासाठी प्रत्यय निराळे सांगावे लागले. पुणे जिल्ह्यातल्या गावांत आजही ‘भावकी’ हा शब्द लग्नाच्या मांडवात अभिमानाने उच्चारला जातो, आणि बांधावर तोच शब्द दात खाऊन.

येथे एक गोष्ट मात्र भाऊबंदकीच्या बाजूने सांगितली पाहिजे. भांडणाऱ्या भावाचा वाटा आहे हे भाऊबंदकीत गृहीत असते. किती, कोणता, कोणत्या बाजूचा, यावर वाद असतो. वाटाच नाही, असे सहसा कोणी म्हणत नाही. म्हणूनच असे तंटे गोतसभेपुढे जाऊ शकत आणि त्यांचे महजर होऊ शकत. १६७७ मध्ये कर्नाटकात उतरलेल्या शिवाजी महाराजांनी सावत्र बंधू व्यंकोजीराजांकडे मागितला तो वडिलांच्या मिळकतीचा अर्धा वाटा. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे या चुलत भावांचा दीर्घ झगडा १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटला, तोही दोघांच्या हद्दी ठरवूनच. वाटा मान्य करणारे भांडण कितीही विकोपाला गेले तरी त्याला तोडगा असतो. युक्रेनच्या प्रकरणात नेमके हेच नाही. तेथे थोरला भाऊ धाकट्याचा वाटा किती हा प्रश्नच काढीत नाही. तू निराळा नाहीसच, असे तो म्हणतो. ‘आपण एकच आहोत’ हे वाक्य बलवानाच्या तोंडून आले की ते दुर्बलाच्या सातबारावरील नाव खोडण्याचा अर्ज असते, हे शेतकऱ्याच्या मुलाला फोडून सांगण्याची गरज नाही.

‘भाई भाई’ आणि १९६२

स्वतंत्र भारतात बंधुवाचक शब्दाला सर्वांत मोठा तडाखा १९६२ मध्ये बसला. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत-चीन करारात पंचशील तत्त्वे आली आणि जून महिन्यात चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीस आले. ‘हिंदी-चिनी भाई भाई’ या घोषणेचा तो काळ. योगायोगाने त्याच वर्षी मॉस्को आणि कीव्ह येथे बंधुत्वाची त्रिशताब्दी साजरी होत होती. घोषणेला लय होती, वसाहतवादाविरुद्ध आशिया एकत्र येत असल्याचे समाधान होते, आणि ते सर्वस्वी खोटेही नव्हते. पण दोन भावांच्या मध्ये एक तिसरा होता, तिबेट. त्याला विचारण्यात आले नव्हते. १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटात शिरले, तेव्हा डॉ. राममनोहर लोहिया यांनी त्या कृत्याला शिशुहत्येची उपमा दिली होती. समाजवाद्यांची ही सूचना त्या काळी आततायी ठरविली गेली.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी हल्ला झाला आणि २१ नोव्हेंबरला युद्धबंदी. एका महिन्यात ‘भाई भाई’ हे शब्द टवाळीचे झाले, ते आजतागायत. मराठीत एखाद्या भाबड्या विश्वासाची थट्टा करावयाची असली की या घोषणेची आठवण काढली जाते. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि हिमालयाच्या मदतीस सह्याद्री धावला, ही शब्दयोजना घरोघर पोहोचली. येथेही नाते भावाचेच होते, पण आता ते पर्वताचे पर्वताशी, देशाच्या आतले. शेजारी देशाला दिलेला शब्द काढून घेऊन तो देशांतर्गत एकजुटीला देण्यात आला. युद्धकाळात हे साहजिक म्हटले पाहिजे.

साहजिक नव्हते ते पुढचे. भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती, भारतातच जन्मलेले लोक होते. त्यांचा अपराध एवढाच की घोषणेतल्या दुसऱ्या भावाशी त्यांचा चेहरा जुळत होता. देशात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकड झाली. त्यांच्या नेत्यांपैकी काहींची भूमिका निषेधार्ह होती हे खरे. परंतु ‘कॉम्रेड’ हे संबोधनच देशद्रोहाचा पुरावा ठरू लागले, तेव्हा भाषेवरही छावणीचा पहारा बसला होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. युद्धकाळात राज्यकर्ते ‘आपण सारे भाऊ’ म्हणतात, तेव्हा त्याग सर्वांनी सारखा करावयाचा आहे, असे त्यात अभिप्रेत असते. प्रत्यक्षात भार कसा वाटला गेला? राष्ट्रीय संरक्षण निधीत बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. सोन्याचे मोठे साठे ज्यांच्याकडे होते, त्यांनी ते कसे सांभाळावयाचे ते सांभाळले. उपाशी राहिला तो बागेसरी घेऊन पेढीच्या दारात बसणारा कारागीर. गावोगावचे सोनार बेकार झाले, काहींनी जीव दिले. संकटातील बंधुत्वाचा ताळेबंद मांडताना जमेच्या बाजूला भाषणे आणि खर्चाच्या बाजूला सोनाराचे घर, असे चित्र दिसते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात तर धर्मबंधुत्वाचाच निकाल लागला. एकाच धर्माच्या आधारे एक झालेल्या दोन भागांत ज्याला भाषेचा, मताचा आणि तागाच्या उत्पन्नाचा वाटा नाकारला गेला, तो भाग स्वतंत्र झाला. आणि त्याच्या नेत्याला लोकांनी आधीच दिलेली पदवी ‘बंगबंधू’ ही होती.

मानलेले भाऊ

मराठीत ‘पोब्रातीम’सारखे काही आहे काय? आहे. सख्खा, चुलत, मावस, मामे, आते, सावत्र ही रक्ताची नाती झाली. त्यांच्या जोडीला दूधभाऊ आहे, गुरुबंधू आहे आणि मानलेला भाऊ आहे. वारकऱ्यांच्या दिंडीत एकमेकांच्या पाया पडणारे लोक आहेत. ही निवडीची नाती होत. स्वातंत्र्यलढ्याने त्यांत भर घातली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ नंतर, सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले आणि त्याची तुफान सेना. तिचे एक सेनानी कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड यांना लोक ‘कॅप्टन भाऊ’ म्हणत. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडविणाऱ्यांचे ते एक नेते होते. कॅप्टन हा शब्द परक्या फौजेचा, भाऊ हा घरचा. हुकूम देणाऱ्या माणसाला भाऊ म्हणता यावे आणि भाऊ म्हणून त्याला जाबही विचारता यावा, अशी सेना उभी करण्याचा तो प्रयत्न होता. प्रतिसरकारने न्यायनिवाडे केले, गुंड आणि सावकार यांच्यावर वचक बसविला. त्यांच्या बंधुत्वाला असा व्यवहाराचा आधार होता, म्हणून पत्रीच्या भीतीपलीकडे ते लोकांच्या आदरास पात्र झाले.

समाजवाद्यांनी ‘साथी’ हे संबोधन स्वीकारले, शेतकरी कामगार पक्षाने ‘भाई’ स्वीकारले. साथी म्हणजे बरोबर चालणारा. त्यात वडीलकी नाही, जात नाही आणि स्त्री-पुरुष हा भेदही नाही. हा शब्द निवडणाऱ्यांनी फार विचार करून निवडला होता. मुंबईत ‘भाई’ या शब्दाची पुढे काय गत झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. कामगार पुढाऱ्याचे संबोधन खंडणीखोराला मिळाले. गिरण्या बंद पडल्या, संघटना मोडल्या, आणि रिकाम्या झालेल्या चाळींत शब्द तेवढा मागे राहिला.

कोरेगावचा स्तंभ आणि सरनामा

रांजणगावहून पुण्याकडे जाताना भीमा ओलांडण्यापूर्वी कोरेगाव लागते. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे कंपनी सरकार आणि पेशवे यांच्या फौजांत लढाई झाली. कंपनीच्या मृत सैनिकांची नावे तेथील स्तंभावर कोरली आहेत. त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली, म्हणजे महार सैनिकांची, २२ नावे आहेत. त्यांच्या सोबतीला इतर जातिधर्मांच्या शिपायांचीही आहेत. गावात ज्यांची सावली वर्ज्य होती, त्यांचे नाव दगडावर मात्र सर्वांच्या रांगेत बसले. पलटणीने जे दिले ते पलटणीनेच पुढे काढून घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली आणि गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांना अर्ज-विनंत्यांची मोहीम चालवावी लागली. युद्धातील भाऊपण युद्धापुरते असते. सरकारला गरज असेपर्यंत ते टिकते, हा धडा या स्तंभाच्या पायथ्याशीच मिळतो.

१ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले. दोन दशकांनी राज्यघटनेच्या सरनाम्यात बंधुतेचा शब्द आला, तो मसुदा समितीने घातला. समितीने मसुदा सादर केला तो फेब्रुवारी १९४८ मध्ये. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या, गांधीजींच्या खुनाला महिनाही झाला नव्हता. बंधुभावाची गरज देशाला यापूर्वी कधी नव्हती एवढी आज आहे, अशा आशयाचे कारण समितीने नोंदविले आहे. म्हणजे आपल्या घटनेतील बंधुता हाही एका युद्धसदृश काळाचा शब्द आहे. पण तो शत्रूकडे बोट दाखवून आलेला नाही. भावाने भावाला मारले, हे समोर दिसत असताना तो आला. सरनाम्यात त्याची जोड व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी आधी आणि राष्ट्राच्या ऐक्याशी नंतर घातलेली आहे. हा क्रम विसरता कामा नये.

फ्रेंच राज्यक्रांतीने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी जगाला दिली. परंतु १७९३ च्या सुमारास ‘बंधुता किंवा मृत्यू’ अशी पाटी भिंतींवर लागली, तेव्हा शांफोर नावाच्या लेखकाने तिचा अर्थ ‘माझा भाऊ हो, नाही तर तुला ठार करतो’ असा लावला. कदाचित हे जाणूनच बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात आपण ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतली नसून बुद्धापासून घेतली असल्याचे सांगितले, आणि बुद्धाच्या ‘मैत्री’ला त्यांनी अधिक व्यापक स्थान दिले. मैत्रीला शत्रूची गरज लागत नाही. बंधुतेला ती लागते असे नाही; पण मिळाला तर ती चटकन फुलते, हा तिचा दोष आहे. १ जानेवारी २०१८ रोजी याच रस्त्यावर दगडफेक आणि जाळपोळ झाली, एक तरुण प्राणास मुकला. दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचे ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ वारस कोण, हे ठरविण्याच्या नादात आजचे शेजारी एकमेकांना परके झाले. ज्या गावांत हे घडले, तेथे त्याआधीही सभांतून ‘बांधवांनो’ हीच हाक दिली जात होती.

बहिणीचा वाटा, भय्याचा वाटा

हा सारा इतिहास रांजणगावच्या आजच्या जीवनाशी जोडून पाहिला पाहिजे. औद्योगिक वसाहत आल्यापासून या पट्ट्यात जमिनीचे मोल बदलले. कोरडवाहू तुकड्याला सोन्याचा भाव आला आणि भावकीतील जुने तंटे न्यायालयांत गेले. या तंट्यांत बहीण कोठे आहे? महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. पण जमिनीचा व्यवहार ठरला की बहिणीला गाडी पाठवून तालुक्याला आणले जाते, हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते आणि साडीचोळी देऊन तिला परत पाठविले जाते. सही न केली तर माहेर तुटते. भाऊबिजेला ओवाळणी घालणारा हात वाट्याच्या वेळी आखडतो. सीमेवरच्या जवानाला राखी पाठविणारा समाज त्याच जवानाच्या पश्चात त्याच्या विधवेच्या नावे जमीन लावताना तलाठ्याकडे खेटे घालावयास लावतो. भाऊ हा शब्द पुरुषाच्या वाट्यापुरता राहिला, तर बंधुतेची निम्मी हाक कोणाच्या कानी पोहोचणारच नाही. युक्रेनी भाषेने ‘पोब्रातीम’शेजारी ‘पोसेस्त्रा’ बसविली. मराठीत अशी जागा सातबारावर करावी लागेल.

दुसरा प्रश्न कारखान्यांच्या दारातला. उत्तरेकडील भाषांत भय्या म्हणजे थोरला भाऊ. मराठीत तो परप्रांतीयाचा वाचक झाला, आणि उच्चाराच्या एका हेलकाव्याने तुच्छतेचाही. युद्ध नसतानाही येथे रोजगाराच्या टंचाईने युद्धाची भाषा आणली. स्थानिक तरुणाला कायम नोकरी मिळत नाही, ही त्याची तक्रार रास्त आहे. परंतु त्याची नोकरी बिहारहून आलेल्या मजुराने घेतलेली नाही. एकाच यंत्रावर कायम, कंत्राटी आणि शिकाऊ असे तीन दर लावणाऱ्या व्यवस्थेने ती घेतली आहे. कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा १९७० साली झाला. त्यातून पळवाटा कशा काढल्या गेल्या, हे येथल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिलेले आहे. मार्च २०२० मध्ये करोनाविरुद्धच्या उपायांना युद्ध म्हटले गेले आणि डॉक्टर-परिचारिकांना योद्धे. त्याच युद्धात महाराष्ट्राच्या औद्योगिक पट्ट्यांतून हजारो मजूर डोक्यावर बोचके घेऊन गावाकडे पायी निघाले. सैनिकाच्या यादीत ते नव्हते, भावाच्याही नाहीत. आणि कायम कामगारांच्या संघटनांचे सभासदत्वही बहुतेकांकडे नव्हते, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे.

कार्यकर्त्यांपुढील काम

या विवेचनातून बंधुवाचक शब्द टाकून द्यावेत, असा निष्कर्ष निघत नाही. शब्दावाचून चळवळ चालत नाही. निघतो तो एवढाच की, शब्द उच्चारणाऱ्याने त्यातला वाटा दाखविला पाहिजे. युद्धाच्या काळात बंधुत्वाची हाक सर्वांत मोठ्याने दिली जाते आणि हिशेब सर्वांत कमी विचारला जातो. तेव्हा हिशेब विचारणे हे समाजवाद्याचे काम आहे : भार कोणावर पडला, छावणीत कोणाला नेले, परतलेल्या सैनिकाच्या घरात काय शिजते. असे विचारणाऱ्याला १९६२ मध्ये देशद्रोही म्हटले गेले, पुढेही म्हटले जाईल. साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले, कारण मंदिराचे दार बंद ठेवून उच्चारलेला बंधुभाव त्यांना मान्य नव्हता. त्यांची आंतरभारतीची कल्पनाही एका भाषेने दुसरीची थोरली होऊ नये, या जाणिवेची होती.

गावपातळीवर याचा अर्थ अगदी साधा आहे. हक्कसोडपत्राच्या सहीपूर्वी बहिणीला कायदा समजावून सांगणारा कार्यकर्ता गावात असला पाहिजे. कंत्राटी आणि परप्रांतीय कामगारांची नावे संघटनेच्या वहीत चढली पाहिजेत आणि समान कामाला समान दाम ही मागणी कायम कामगारांनी प्रथम मांडली पाहिजे. १ जानेवारीला कोरेगावकडे जाणाऱ्या लोकांसाठी रस्त्यावरच्या गावांतून पाण्याची सोय सर्व जातींच्या तरुणांनी मिळून केली पाहिजे. तिबेटी असो, युक्रेनी असो वा पॅलेस्टिनी, ‘तुम्ही निराळे नाहीच’ असे ज्यांना सांगितले जाते, त्यांच्या बाजूने ठराव करताना आक्रमक कोणत्या गटातला आहे, हे पाहण्याची सवय सोडली पाहिजे. एवढे झाले, तर पुढच्या सभेत ‘बंधुभगिनींनो’ म्हणताना वक्त्याला अडखळण्याचे कारण राहणार नाही, आणि समोर बसलेल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ती हाक आपल्याला आहे असे वाटेल.